कच्चा ठसा

मंडळी, पाणदरवाजा तालीम मंडळाच्या तमाम पाठीराख्यांना शर्वरी इंगवलेचा नमस्कार. नव्या हंगामाची खबर यंदा तीन आठवडे उशिरा येतेय, आणि त्यावरून ग्रुपवर मला जे काही बोलला आहात ते सगळं मी वाचलंय. "अक्का झोपली काय?" असं विचारणाऱ्यांनी ऐका. अक्का झोपलेली नाही, अक्काला लिहवत नव्हतं.

आधी सोप्या गोष्टी उरकते. उन्हाळ्यात तिघांना आपण तालमीत घेतलं. गोलकीपर आग्नेलो फुर्ताडो, मडगावचा, सहा फूट दोन इंच. पोरगा गुणी आहे, पण आठवड्यात दोनदा मासे मिळाले नाहीत तर त्याचं तोंड उतरतं, तेव्हा पेठेतल्या मावश्यांनी जरा लक्ष असू द्यावं. दुसरा मिरजेचा स्टॉपर सोहेल बारगीर. गेल्या वर्षी गुडघा गेला होता, आता ठणठणीत आहे. जर्सी जांभळी-पिवळीच राहणार, बाह्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांविरुद्ध तुम्ही जो दंगा केलात तो कामी आला. पहिला सामना दसऱ्यानंतरच्या रविवारी, पलीकडच्या पेठेशी. नाव घेत नाही, तोंड कडू होतं.

आता तिसरा. बसवराज हत्तरकी, गडहिंग्लजचा, वय एकवीस, डावा विंगर. याच्याबद्दल अर्धं तुम्हाला माहीत आहे आणि अर्धं तुम्ही कट्ट्यावर बसून बनवलंय. खरं काय ते मी सांगते, कारण त्यातल्या एका कागदावर सही माझी लागणार होती.

माझा धाकटा भाऊ धैर्यशील कोण होता हे पेठेला सांगायला नको. नव्या पाठीराख्यांसाठी सांगते. धैर्या आपला डावा विंगर. अडीच वर्षांपूर्वी फायनलच्या उत्तरार्धात मैदानात कोसळला तो उठला नाही. सव्वीस वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अचानक होतं असं. आम्हीही तेव्हापासून तेच म्हणत आलो, अचानक झालं.

त्या हंगामात धैर्याच्या अंगावर कात होती. कात हे नाव आपल्या पोरांनी ठेवलेलं, मूळ लांबलचक नाव कुणाच्या लक्षात नाही. टाचेपासून मानेपर्यंत अंगाला चिकटून बसणारा पातळ अंगरखा. कुठला स्नायू कधी आवळला, कधी सुटला, सांधा किती वळला, हे तो सेकंदाला हजार वेळा टिपून ठेवायचा. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं दिला होता. तिथल्या डॉक्टर वासंती केळुसकर यांनी मला एकदा सगळं समजावलं होतं, ते माझ्या भाषेत सांगते. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा, हात किती फिरवायचा, दाब किती द्यायचा. तिला सांगता येणार नाही, पण हाताला बरोबर माहीत असतं. हे हाताचं माहीत असणं मानेच्या वर, लहान मेंदूत साठलेलं असतं. कातीतल्या नोंदींवरून यंत्र त्याची नक्कल तयार करतं, त्याला म्हणायचं ठसा. मग दुसऱ्या खेळाडूच्या डोक्यामागे एक पट्टी बांधायची. तो सराव करत असताना पट्टी त्याच्या लहान मेंदूला बारीक विजेचे टोचे देत राहते, बरोबर त्या क्षणी, त्या तालात. एकवीस बैठकांत त्याच्या अंगात दुसऱ्याचं वळण उतरतं. हा कच्चा ठसा. शंभरेक दिवसांत विरून जातो. त्याआधी शेवटची एक बैठक केली की तो पक्का होतो, आणि पक्का झालेला मरेपर्यंत निघत नाही. ठसा मेलेल्या माणसाचा असेल तर दोन्ही वेळा वारसाची सही लागते. धैर्यानं फॉर्मवर माझं नाव लिहिलं होतं.

कच्च्या ठशाची सही मी एप्रिलमध्ये केली. का केली? माझा भाऊ मला पुन्हा खेळताना बघायचा होता, म्हणून केली. दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

मे महिन्यातला तो सराव तुमच्यातल्या निम्म्यांनी पाहिला आहे. बसूनं उजव्या बाजूनं आलेला चेंडू डाव्या पायानं मारला, खांदा आत टाकून, आणि चेंडू लांबच्या खांबाला घासून जाळीत गेला. पायऱ्यांवरून एकच आवाज उठला, "धैर्याऽऽ!" हलगी वाजवणाऱ्या नंदूकाकांनी हलगी खाली ठेवली आणि ते ढसाढसा रडले. नाद खुळा, जगात भारी, काय काय लिहिलंत तुम्ही त्या दिवशी. मी पण लिहिलं. आमचे आबा मात्र काठीवर हनुवटी टेकून नुसते बघत राहिले.

आबा म्हणजे माझे वडील, तालमीचे वस्ताद विलासराव इंगवले. त्यांचा खाक्या जुना. पैलवान असो की फुटबॉलवाला, तालमीत आला की चोवीस तास तालमीचा. खाणं, झोपणं, बसणं, सगळं खेळाच्या हिशेबात. प्रयोगशाळेनं लिहून दिलं होतं की कात फक्त सरावात आणि सामन्यात घालावी. आबा म्हणाले, "पुण्याच्या लोकास्नी काय कळतंय? खेळाडू चोवीस तास खेळाडू असतोय." म्हणून धैर्यानं सहा महिने कात आंघोळीपुरतीच काढली. तो जेवला कातीत, झोपला कातीत, माझ्याशी भांडला तेही कातीतच.

त्याचं फळ आम्हाला जूनमध्ये दिसायला लागलं. बसू एकदा आमच्या घरी जेवायला आला. उंबऱ्यात उभा राहून त्यानं एका टाचेनं दुसऱ्या पायातला बूट काढला आणि पायानंच भिंतीकडे सरकवला. भाकरीचा तुकडा मोडला तो तीन बोटांनी, करंगळी बाहेर. मी हातातला घास ताटात परत ठेवला. आबा मात्र उठून आत गेले आणि स्वतःच्या हातानं तांबड्या रश्श्याची वाटी भरून आणली. धैर्या गेल्यापासून त्यांनी कुणाला पाणी विचारलं नव्हतं.

"जेव बाळा," म्हणाले. "आणि घे."

डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या चक्रावल्या. "तुम्ही चोवीस तास घातली होती? मी घरातलं निवडून काढायचा प्रयत्न केला होता, पण तांदळातले खडे सगळे कुठे निघतात? आणि मैदानावरचं तर सगळंच ठेवलंय. यंत्राला काय कळणार खेळ कुठला आणि खेळ नव्हे तो कुठला?"

त्या दिवसापासून बसू रोज संध्याकाळी यायला लागला. आबा त्याची वाट बघायला लागले. दाढी करायला लागले. घरात माणसाचा आवाज आला. मंडळी, मला हे हवं होतं. दुसऱ्याचं लेकरू आपण वापरतोय हे कळत होतं आणि तरी हवं होतं.

मग ते थांबणं सुरू झालं. सराव सामन्यात बसू पळता पळता मध्येच थांबायचा, एक गुडघा टेकायचा, डावा हात काखेत दाबून धरायचा आणि उजव्या हातानं बुटाच्या लेसशी चाळा करायचा. पाच-सात सेकंद. मग उठून पुन्हा पळायचा. सामन्यात तीनदा, चारदा. तो वाकला की आबा काठी टेकत बाजूच्या रेषेनं त्याच्याकडे चालू लागायचे. ते पोचायच्या आत तो उठलेला असायचा. मला वाटायचं, वस्ताद आहेत, झापायला निघालेत.

मी बसूला बाजूला घेतलं. "लेस सुटते काय रे सारखी?"

"न्हाई अक्का. लेस घट्टच असती." पोरगा इकडेतिकडे बघत होता. "अंगच थांबतंय. हात आपोआप काखेत जातोय. आणि तेवढा वेळ लई भ्या वाटतंय. कशाचं इचारू नका, मला म्हाईत न्हाई. माझं न्हवंच ते भ्या."

आम्ही त्याच दिवशी त्याचं हृदय तपासून घेतलं. घोड्यासारखं आहे, म्हणाले. डॉक्टरबाईंना धैर्याच्या मूळ नोंदी उघडून बघायला सांगितलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्या आधी बराच वेळ माझी चौकशी करत राहिल्या, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट आहे.

"शर्वरीताई, हे थांबणं पहिल्यांदा डिसेंबरमध्ये दिसतंय. तेव्हा आठवड्यातून एखादं. शेवटच्या महिन्यात रोज. छातीची डावी बाजू दुखल्यावर माणूस जसा आवळतो, तसेच स्नायू आवळलेत. लेस बांधायचं निमित्त होतं. त्याला दुखत होतं, आणि त्याला ते लपवायचं होतं."

मंडळी, आता आठवा. तो हंगाम आठवा. धैर्या वाकला की पायऱ्यांवरून काय ओरडत होतो आपण? "लेस बांध धैर्या, लेस बांध!" हलगीच्या ठेक्यावर. आख्खं स्टेडियम हसायचं. आणि हे सुरू कुणी केलं? मी केलं. त्या जानेवारीच्या खबरीत मीच लिहिलं होतं की, तालमीनं धैर्यशीलला आता लेस नसलेले बूट शिवून द्यावेत. तुम्ही त्यावर हसण्याची चित्रं टाकली होती, मी ती मोजली होती. त्या रात्री तोही हसला होता. "अक्के, तू माझी पार इज्जत काढलीस," म्हणाला होता. चार महिने माझा भाऊ तुमच्यामाझ्यासमोर मैदानात गुडघा टेकून जीव सावरत होता आणि आपण त्याला गाणं म्हणून दाखवत होतो. अचानक वगैरे काही नव्हतं.

यानंतर पंधरा जुलैला पक्क्या ठशाची बैठक होती. तिच्या आठ दिवस आधी बसूची आई गडहिंग्लजहून आली. तो तिला अव्वा म्हणतो. ठेंगणी, काटक बाई, हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी. सराव चालू होता म्हणून मी तिला मैदानाच्या जाळीपाशी घेऊन गेले. आत वीस पोरं, सगळ्यांच्या अंगावर सारखी बंडी. ती डोळे बारीक करून शोधत राहिली.

"बाजाराच्या गर्दीत चालीवरनं वळखतो मी त्याला," म्हणाली. तिच्याकडच्या बायका असंच 'येतो, जातो' बोलतात. "पाय आत टाकून चालतोय बारक्यापनापास्नं. त्यो काय, त्यो."

तिनं सोहेलकडे बोट दाखवलं. सराव संपला आणि बसू पळत तिच्याकडे आला, आणि मंडळी, ती बाई दोन पावलं मागं सरली. पोटच्या पोराला बघून मागं सरली. मग त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिनं नीट बघितला, आणि माझ्याकडे वळली.

"अक्का, तुमचं लेकरू गेलं, लई वाईट झालं. पण म्हणून माझं घालवायचं व्हय?"

"अव्वा, गप गं," बसू म्हणाला. "हे गेलं तर मी परत बाकावर बसणार. गडहिंग्लजात मला कोण इचारत हुतं? अक्का, तुम्ही सही करा. भ्या वाटतंय त्येचं बघून घेईन मी."

आता सांगा, कुणाचं ऐकायचं? पोराला ठसा हवा, आईला नको, तालमीच्या कमिटीला चषक हवा, आणि घरात आबा रोज सकाळी विचारायचे, "शरू, केलीस सही?"

चौदा तारखेला सकाळी मी तालमीत गेले. आबा कुस्तीच्या हौद्यातली माती परतत होते. ताक, हळद, तेल घालून माती वर-खाली करायचं काम त्यांनी कुणालाच कधी दिलेलं नाही. मी कडेला बसले आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. डिसेंबरपासूनचं. वाटलं होतं, म्हातारा ढासळेल. ते माती परतत राहिले.

"मला म्हाईत हाय," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"फेब्रुवारीत म्हणाला हुता मला. हितंच, ह्या हौद्यात. आबा, छातीत कायतरी धरतंय. मी म्हटलं, फायनल हू दे, मग दाखवू." फावडं थांबलं. "वर म्हटलं, कात काढू नगंस. काढलीस तर आजारी हाईस म्हणून पुण्याला कळंल."

मला राग आला का? आला. इतका आला की तिथली मूठभर माती उचलून मी त्यांच्या अंगावर फेकली. चाळीस वर्षांची बाई मी, बापावर माती फेकली. त्यांनी ती झटकलीसुद्धा नाही.

"मग कशाला सही मागताय?" मी ओरडले. "हे जन्मभर डोळ्यासमोर हवंय तुम्हाला?"

"बसू थांबतोय न्हवं मैदानात," आबा म्हणाले, "तिथं मला पोचायचं असतंय. जाऊन म्हणायचं असतंय, चल बाहेर, दवाखान्यात जाऊ. रोज निघतो, पर पाय चालत न्हाईत, तवर तो उठतोय. पक्का झाला म्हंजे एकदा तरी पोचीन की गं."

मी म्हणाले, "आबा, तुम्ही पोचाल तेव्हा तिथं धैर्या नसणार. हत्तरकीबाईंचं पोरगं असणार, आणि त्याला विनाकारण मरणाचं भ्या वाटत असणार. मरेपर्यंत. त्याच्या आईला तरी आपण काय सांगायचं?"

आबांनी फावडं उचललं आणि पुन्हा माती परतायला लागले. दुसऱ्या दिवशी मी कागद कोरा परत पाठवला. कमिटीनं मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बसू चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतरच्या रविवारी सांगलीच्या संघाशी मैत्रीचा सामना होता. उत्तरार्धात बसू आपल्या बाजूच्या रेषेजवळच थांबला, गुडघा टेकला, हात काखेत गेला. आबा निघाले. मी या वेळी त्यांच्या दंडाला धरून सोबत चालले, जवळजवळ ओढतच नेलं. पंचांनी शिट्टी मारली, "वस्ताद, अहो वस्ताद!" करत राहिले. आबा रेषा ओलांडून आत गेले आणि बसूच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल बाळा, भाईर चल. फायनल गेली खड्ड्यात."

बसूला काही सांगावं लागलं नाही. तो आबांचा हात धरून उठला आणि त्यांच्याबरोबर चालत बाहेर आला. पायऱ्यांवर तुम्ही होतात, शंभरेक जण तरी. कुणी हू की चू केलं नाही. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

मग ठसा विरत गेला. आधी तो फटका गेला, लांबच्या खांबावरचा. मग करंगळी आत आली, बूट हातानं काढायला लागला. ते थांबणं मात्र सगळ्यात शेवटपर्यंत राहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, भीतीनं शिकलेलं अंग सगळ्यात उशिरा सोडतं.

तर हंगामाची खबर अशी. बसवराज हत्तरकी आपल्याकडून खेळणार आहे, स्वतःचा खेळ. पाय आत टाकून पळतो, दिसायला बेंगरूळ, पण चेंडू सोडत नाही. सुरुवातीला बदली म्हणून उतरेल. त्याला धैर्या म्हणून हाक मारायची नाही, मारलीत तर गाठ माझ्याशी आहे. आणि या वर्षीपासून प्रत्येक खेळाडूची हृदयतपासणी हंगामाआधी आणि हंगामात मध्येही होणार. ती झाल्याशिवाय मैदानात पाय नाही, फायनल असली तरी.

एवढं लिहायला तीन आठवडे लागले, कारण त्याआधीच्या रविवारच्या मैत्रीच्या सामन्याचं कसं लिहायचं ते मला कळत नव्हतं. इचलकरंजीशी खेळलो, बरोबरी झाली, एक-एक. आबा रेषेवर उभे होते. पूर्वार्ध संपला, उत्तरार्ध सुरू झाला. बसू धापा टाकत इकडून तिकडे पळत होता, पडत होता, उठत होता. आबांची नजर त्याच्यावरून हलली नाही. शेवटची शिट्टी झाली. पोरं एकमेकांना टाळ्या देत बाहेर आली आणि बसू आबांच्या पाया पडला.

"आज थांबला न्हाईस," आबा म्हणाले.

"न्हाई आबा. एकदाबी न्हाई."

आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "ब्येस," म्हणाले, आणि त्याला त्याच्या आईकडे पाठवून दिलं. मग खाली गवतावर बसले, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. मी वाकले, म्हटलं, "आबा, काय होतंय? उठा, सावलीत चला."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"गेला गं शरू," म्हणाले. "आपला धैर्या गेला."